दोंडाईच्यात पाहिलेला हरित सोहळा आणि धुमसणारा ढीग

मार्चमध्ये फिरायला खानदेशात कोण जातं? मीही गेले नसते. पण दोंडाईच्याहून मावसभावाचा, हेमंतदादाचा, फोन आला. "आमच्या हरित इंधन प्रकल्पाचं उद्घाटन आहे. किल्ल्यांवर लिहितेस, धबधब्यांवर लिहितेस, एकदा आमच्या लाकडाच्या तुकड्यांवर लिही." इतक्या वेगळ्या विषयाचं आमंत्रण मला कधी आलं नव्हतं. मी बॅग भरली.

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने जळगाव गाठलं आणि स्टेशनबाहेर पोहे खाऊन सुरत लाइनची पॅसेंजर पकडली. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि संयम बरोबर ठेवा, तिन्ही लागतात. अमळनेरनंतर खिडकीबाहेर जागोजागी धूर दिसत होता. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, लोक बांधावर पेटवून देतात. दादाने याच पऱ्हाट्या आणि बाभळीच्या छाटलेल्या फांद्या गोळा करून, यंत्रात बारीक करून, वाळवून विकायचं ठरवलं होतं. धुळ्याजवळची एक तेलगिरणी बॉयलरमध्ये कोळशाऐवजी हे तुकडे जाळायला तयार झाली होती. पहिली गाडी त्याच आठवड्यात जायची होती.

दोंडाईच्याला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "ते वुडचिपचं काम चालतं तिथे जायचंय."

"चिप्स? केळीच्या का बटाट्याच्या?"

"लाकडाच्या."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "मग कुट्टीवाल्या हेमंतभाऊंकडे म्हणा ना!"

घरी दादाचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. "उनी का माय? बठ, पानी पे," म्हणाले. संध्याकाळी कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा होता. शेवभाजी खाताना डोळ्यांत पाणी आलं तर लाजू नका. त्या जेवणात माझ्या जिभेशिवाय आणखीही काही तापलेलं होतं. आदल्या आठवड्यात अवकाळी पावसाने सगळा माल भिजला होता. सरलावहिनी प्रकल्पात बरोबरीची भागीदार. तिचं म्हणणं होतं की ओला माल खळ्यावर पातळ पसरायचा आणि दाताळ्याने खालीवर करत राहायचं. दादाने मात्र सगळ्या मालाचा दीड पुरुष उंच ढीग रचला होता.

"ओला ढीग आतून तापतो, तुम्हाला माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे गं. पण पसरलेला माल फोटोत वाळवणासारखा दिसतो. उद्घाटन झालं की लगेच पसरू."

सकाळी प्रकल्पावर गेलो, तर हरित ऊर्जेचं स्वागत करायला डिझेलचा जनरेटर धडधडत होता. जमिनीवर हिरवा गालिचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक खुर्चीवर पर्यावरण वाचवण्याचं आवाहन करणारं चकचकीत पत्रक. प्रमुख पाहुणे गाड्यांचा ताफा घेऊन आले. सगळ्या गाड्यांची इंजिनं भाषण संपेपर्यंत चालू होती, कारण आत एसी लावलेला होता.

भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात ढिगाच्या माथ्यावरून पांढरं काहीतरी वर जायला लागलं. पाहुण्यांनी त्याकडे हात केला. "पाहा! ऊर्जा स्वतःहून बाहेर पडते आहे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने मात्र वाजवल्या नाहीत. त्याचा चेहरा उतरला होता.

मागच्या रांगेतून आबा ओरडले, "वाफ नही शे ती! धूर शे!"

वहिनी तोवर ढिगाजवळ पोचली होती. आतला ताप पाहायला ढिगात आधीच खुपसून ठेवलेली लोखंडी सळई तिने बाहेर काढली आणि चटका बसून खाली टाकली. मग सरळ व्यासपीठावर चढून तिने माइक घेतला. "साहेब, माफ करा. ज्यांना फावडं धरता येतं त्यांनी इकडे या. ज्यांना येत नाही त्यांनी गाड्या हलवा, पाण्याचा टँकर आत यायचाय."

साहेबांना बहुधा फावडं धरता येत नसावं. ताफा ज्या वेगाने निघाला, त्या वेगाने आला असता तर कार्यक्रम वेळेवर सुरू झाला असता.

मागे राहिले ते पऱ्हाट्या देणारे शेतकरी, मंडपवाला, आचारी आणि मी. कडेचा माल आम्ही उपसून दूर नेत होतो, हिरव्या गालिच्यावरही पसरत होतो. आतले तुकडे काळे पडले होते, फावडं लागलं की लाल होत होते. वहिनी पाणी कुठे मारायचं ते सांगत होती. दादा सगळ्यांच्या पुढे होता. पांढरा सदरा काळा झाला, डोळे चोळत होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "सरला, चुकलं माझं." ती म्हणाली, "ते घरी सांगा. आधी डावीकडून उपसा."

दुपार कलली तेव्हा धूर थांबला. निम्म्याहून जास्त माल वाचला. एका शेतकऱ्याने जाताना दादाला विचारलं, "मग पुढची पऱ्हाटी आणू का पेटवून देऊ?" दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने सांगितलं, "आणा. पण सावकाश, खळ्यावर मावेल तेवढीच."

पुढे ऊन कडक पडलं. आम्ही दाताळी घेऊन माल खालीवर करत राहिलो, तुकडे हातात कटकन मोडेपर्यंत. ट्रक भरला तेव्हा अर्धाच भरला. धुळ्यापर्यंत मी केबिनमध्ये बसून गेले. रस्ता चांगला, ड्रायव्हरची गाणी वाईट. तेलगिरणीत त्यांनी मूठभर तुकडे तपासले, कुरकुर केली आणि ट्रक आत घेतला. वहिनीला फोन केला, तर तिने आधी विचारलं, "वजन किती भरलं?"

धुळ्याहून एसटीने मी पुण्याला परतले. हातावरचे फोड बरे व्हायच्या आतच दादाने व्हॉट्सअॅपवर एका स्थानिक बातमीचं कात्रण पाठवलं: 'प्रमुख पाहुण्यांच्या प्रसंगावधानाने आग टळली.' सोबत फोटो. साहेबांच्या हातात नवंकोरं फावडं, लेबलसुद्धा न काढलेलं. मागे ना ढीग, ना धूर. बहुधा त्यांच्या बंगल्याची बाग असावी.

मी संतापून वहिनीला फोन लावला.

ती पोट धरून हसत होती. "अगं, राहू दे. फोटो मोठा करून खळ्यावरच लावलाय. आता पुढच्या वेळी आले की फावडं येत नाही असं म्हणायची सोय नाही त्यांना."