रिकामे बाक

आमच्या चर्चमध्ये बाकांवर नावं नाहीत, पण कुणाचं बाक कोणतं हे सगळ्यांना पाठ आहे. रविवारी उपासना सुरू झाल्यावर एक अनोळखी बाई आली आणि रिकाम्या बाकावर टेकली. मागून मार्थाबाई कुजबुजल्या, "अहो उठा, ते साळव्यांचं बाक आहे." साळवे कधीच पुण्याला गेले, नाताळला तेवढे येतात. बाई पुढच्या बाकावर गेली. तिथूनही तिला उठवलं. मग ती दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली.

प्रभूच्या घरी कुणी परका नाही, असं पाळकसाहेब तेव्हाच सांगत होते. उपासनेची सगळी मांडणी माझ्याकडे असते. गीतपुस्तकं, फुलं, चहा, काही चुकत नाही. पण इतक्या रिकाम्या बाकांत एका माणसाला बसवायची सोय माझ्या कुठल्याच मांडणीत नव्हती. आणि आम्ही दर आठवड्याला प्रार्थना करतो, की प्रभू, माणसं पाठव.

मी उठून तिच्याजवळ गेले.

"समोरच्या दवाखान्यात पोराचं ऑपरेशन चाललंय," ती म्हणाली. "कुणी प्रार्थना करेल म्हणून आले, ताई."

"या, माझ्याशेजारी बसा."

तिने बाकाकडे पाहिलं. "नको. परत कुणी उठवलं तर? आता उठायचं बळ नाही माझ्यात."