वीस हेलकावे

नऊ नोव्हेंबर, रविवार. तोवर भरलेली फी सात हजार दोनशे रुपये, त्यांतले बाराशे प्रात्यक्षिकांचे. हजर होतो ते असे: प्रयोगशाळेच्या मॅडम, मी, माझ्या टेबलावरच्या जोडीदार बाई आणि इतर टेबलांवर नऊ मुलंमुली. त्यांच्यासाठी मी 'अंकल जी' होतो.

मी एका बँकेत नोकरी करतो. गेली पाच वर्षं लखनौत आहे. काम दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासण्याचं. वय अठ्ठेचाळीस. निशातगंजच्या अलीकडे एका कॉलेजात दूरशिक्षणाचं केंद्र आहे, तिथून मी बी.एस्सी. करतोय, विषय भौतिकशास्त्र. आता कशाला, असं लोक विचारतात. मी 'हौस म्हणून' सांगतो. खरं कारण असं की बारावीला या विषयात मला शंभरांत छत्तीस होते. सर फळ्यापुढे उभं करतील ही भीती असायची, आणि "कळलं का?" या प्रश्नाला दोन वर्षं मी "हो सर" एवढंच उत्तर दिलं. पुढे कॉमर्सला गेलो. आवड होती म्हणून गेलो, असं सगळ्यांना सांगितलं, बायकोलाही. गेल्या वर्षी मुलगी अकरावीत गेली. एका संध्याकाळी ती फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली, मी ते पान पाहिलं आणि "आईला विचार" म्हणालो. तिची आई मराठी घेऊन एम.ए. झालेली. मुलगी म्हणाली, "पापा, आप डर गए ना?" त्याच महिन्यात मी फॉर्म भरला.

फॉर्म भरला की भीती जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही, उलट तिला इथली रीतभात सोयीची पडली. लखनौत "जी" म्हणून मान हलवली की समोरचा माणूस पुढे सरकतो. मॅडम माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. शिकवायच्या चांगलं, पण घाईत. "सर, क्लियर है?" असं विचारायच्या आणि मी "जी मैडम" म्हणायचो. सहा रविवार झाले होते. बहुतेक गोष्टी कळलेल्या नव्हत्या आणि मी एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

माझ्या जोडीदार बाई माझ्या अगदी उलट. त्या सरोजिनी नगरला राहतात, एका खाजगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवतात. ही पदवी मिळाली तर त्यांना वरच्या वर्गांचं विज्ञान मिळणार होतं आणि पगार वाढणार होता. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्या दर थोड्या वेळानं मॅडमना थांबवायच्या, "मैडम, फिर से बताइए." मुलं हसायची. त्यावर त्यांचं म्हणणं असं की फी भरली आहे, हसणं फुकट मिळतंय, मिळू दे.

त्या रविवारी लंबकाचा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, हे छापील पुस्तकात दिलेलंच असतं.

"बैंक वाले हैं, गिनती आप कीजिए," बाई म्हणाल्या आणि स्टॉपवॉच त्यांनी घेतलं. गोळा मधल्या खुणेवरून डावीकडे जाताना मी "एक" म्हणायचो, त्या बटण दाबायच्या. पुन्हा तसाच डावीकडे गेला की "दोन". "वीस" म्हटलं की त्या घड्याळ थांबवायच्या. एक मीटर, ऐंशी सेंटिमीटर आणि साठ सेंटिमीटर, अशा तीन लांबी घेतल्या. आकडे दोघांनी उतरवले. मग त्या खिडकीशी जाऊन गणित करू लागल्या, मी टेबलावरच बसलो.

माझं उत्तर आलं १०.८५. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडम चार पावलांवर उभ्या होत्या. "हे असं का येतंय?" एवढंच विचारायचं होतं. मी मान खाली घालून तिसऱ्यांदा गणित करायला घेतलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्या कागदाकडे पाहून हळूच म्हणाला, "अंकल जी, जवाब से पीछे चलिए, रीडिंग बना लीजिए. सब यही करते हैं."

मी बनवली. ९.८ धरून उलटं गणित केलं आणि प्रत्येक लांबीला किती सेकंद यायला हवे होते ते काढलं. एक मीटरला ३८.२ आले होते, तिथं ४०.२ लिहिले. ३४.१ चे ३५.९ केले, २९.५ चे ३१.१. संशय नको म्हणून एका आकड्यात दशांश थोडा हलवला. हेच बँकेत कुणी केलं तर पहिली नोटीस माझ्या सहीनं जाते. इथं माझा हातही अडला नाही.

बाईंनी १०.८५ तसंच लिहून दिलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. गोळा एक, घड्याळ एक, आणि आकडे वेगळे. त्यांनी बाईंना सांगितलं की बटण लवकर दाबलं जातंय, लक्ष नाही. मग माझा कागद वर धरला. "सर की देखिए, कितनी साफ़ है."

"मैडम, रीडिंग तो हमने साथ में ली थी," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर?"

"जी मैडम," मी म्हणालो.

त्या 'जी'चा अर्थ काय, हे मलाही सांगता आलं नसतं. मॅडमनी मात्र घ्यायचा तो घेतला. बाईंना हुकूम झाला की उद्या, सोमवारी, येऊन प्रयोग एकटीनं करा. मंगळवारी परीक्षेला बसणाऱ्यांची यादी विद्यापीठाकडे जाणार होती. त्याआधी प्रयोग मंजूर झाला नाही तर या खेपेला परीक्षेला बसता येणार नव्हतं. सोमवारी त्यांची शाळा, आणि खाजगी शाळेत रजा म्हणजे पगार कापला जाणार. एरवी आम्ही टेम्पोच्या, म्हणजे इथल्या शेअर रिक्षांच्या, नाक्यापर्यंत बरोबर चालत जायचो. त्या दिवशी त्या पुढे निघून गेल्या.

सोमवारी सकाळी वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी चहा घेत मी प्रयोग वहीत उतरवायला बसलो. समोर खाडाखोडीचा कागद होता, खरे आकडे आणि बनवलेले आकडे शेजारी शेजारी. दोन रकाने दिसले की फरक काढायचा, ही माझी सवय. दोन सेकंद, एक पूर्णांक आठ, एक पूर्णांक सहा. एक मीटरच्या दोऱ्याचा एक हेलकावा दोन सेकंदांचा असतो. ऐंशीचा एक पूर्णांक आठ. साठचा जवळजवळ एक पूर्णांक सहा. म्हणजे प्रत्येक ओळीत मी वरून टाकला होता तो बरोबर एकेक हेलकावा.

चहा तसाच राहिला. नोटा मोजताना पहिली नोट हातात आली की 'एक' म्हणायचं असतं, कारण ती नोट आलेली असते. घड्याळ सुरू होतं तेव्हा हेलकावा झालेला नसतो, व्हायचा असतो. तिथं शून्य म्हणायला हवं होतं. मी वीस म्हणत होतो आणि गोळा एकोणीसच हेलकावे घेत होता. बाईंचा अंगठा मुळीच चुकला नव्हता. आणि काल आकडे न बनवता नुसता प्रश्न विचारला असता, तर मॅडमनी ही चूक एका मिनिटात काढली असती.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा की."

"रविवारी सांगतो."

"आणि त्या बाईंचा पगार काय रविवारी कापणार आहेत?"

मी शाखेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

प्रयोगशाळेत पोहोचलो तेव्हा बाई एकट्या दोरा बांधत होत्या. कालची काही मुलं राहिलेला प्रयोग करत होती, मॅडम त्यांच्यापाशी उभ्या होत्या. मी मॅडमना 'जरा बाजूला या' म्हणणार होतो, पण मग पुन्हा 'जी' म्हणून परत आलो असतो. तिथंच म्हणालो, "मैडम, कल की रीडिंग मैंने बनाई थी. इनकी सही थी. गिनती मैंने ग़लत की थी."

शेजारच्या टेबलावरचा तो मुलगा मान खाली घालून पुटपुटला, "बनाते सब हैं अंकल जी, बताता कौन है." मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, रीडिंग का बनवली.

"मुझे समझ में नहीं आता, मैडम. पूछने में डर लगता है."

"क्या समझ में नहीं आता?"

"पहले इतवार से कुछ भी नहीं."

मुलं हसली. हसू मला ऐकू आलं, पण बाकी काही झालं नाही. मॅडमनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, तर मग इतके दिवस जी-जी काय करत होतात. त्या रागावल्या होत्या. रागावूनच त्यांनी कागदावर पहिल्यापासून समजावलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दर तिसऱ्या वाक्याला "नहीं आया" म्हणत गेलो. चौथ्यांदा म्हणताना मुलांकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर बाईंनी घड्याळ धरलं आणि मी मोजलं, शून्यापासून. एक मीटरला ९.८ आलं, ऐंशीला थोडं जास्त, साठला ९.६. तिसरं का घसरलं ते मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, दोरा गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचा, वरच्या हुकापर्यंत नाही. आम्ही ९.६ तसंच लिहिलं.

बाईंचा प्रयोग मंजूर झाला. माझा रद्द झाला. डिसेंबरात पुन्हा करायचा, वेगळी फी भरून, आणि या खेपेची परीक्षा गेली. यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

जिन्यावर मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ग़लत गिनना तो किसी से भी हो जाता है, भाई साहब. मगर मैंने आपकी तरफ़ देखा था."

आज शाळेत किती कापतील, तेवढं मी विचारलं. त्यांनी पाचशे चाळीस सांगितले. मी पुढे केले, त्या नको म्हणतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी मोजून घेतले, पर्समध्ये ठेवले आणि टेम्पो पकडायला गेल्या.

मी परत वर गेलो. फेरप्रयोगाचे तीनशे केंद्राच्या कारकुनाला, बाबूजींना, दिले आणि पावती घेतली.