जांभूळनाल्याचा नकाशा

आमच्या साडभावांइतकं कौतुक वाट्याला आलेला माणूस सबंध आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ते सगळं कौतुक ऐकायची पाळी माझ्यावर आली. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते इचोड्याच्या शाळेत समाजशास्त्र आणि भूगोल शिकवायचे आणि मी बोथच्या हायस्कुलात नेमके तेच दोन विषय शिकवत होतो. दैवाला एवढी थट्टा पुरली नाही म्हणून की काय, आमच्या दोघांच्या बायका आठवड्याला एकमेकींना निरोप धाडायच्या. सासऱ्यांनी एका जावयाला धोतर दिलं तर दुसऱ्याला उपरणं तरी मिळतं. कौतुकाच्या बाबतीत मात्र मला उपरणंही मिळालं नाही. मी बोथच्या बाजारात वांगी घेत उभा राहिलो की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारायचं, "तुमी इचोड्याच्या मास्तरायचे साडभाऊ का हो?" बोथमध्ये आठ वर्षं नोकरी करून माझी ओळख ही अशी झाली होती.

साडभाऊ दिसायला अगदीच सामान्य होते. सदऱ्याच्या खिशात लाल-निळी पेन्सिल आणि अंगाला रॉकेलचा वास. हा वास नकाशांचा. कागदावर रॉकेलचं बोट फिरवलं की कागद पारदर्शक होतो आणि खालचा नकाशा गिरवता येतो, हा त्यांचा शोध. मेव्हणीच्या लग्नात ते माझ्या शेजारी पंगतीला बसले होते. समोरच्या पोरांनी काहीतरी विचारलं, तशी त्यांनी पत्रावळीवरच्या भाताची सातमाळ्याची डोंगररांग केली, तिच्या दक्षिणेकडून वरणाची गोदावरी सोडली आणि वांग्याच्या फोडीला निर्मळ गाव म्हणून बसवलं. सासरे डोळे वटारून पाहत होते. "हे जेवण होय का शाळा?" ते म्हणाले. "जेवनच हाय मामाजी," साडभाऊ म्हणाले, "पन पोरं इचारून राह्यले त मंग उद्यावर काऊन टाकावं?" पोरं खूश झाली. मी माझ्या भाताला मुकाट तूप लावून जेवत राहिलो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्यांच्या सगळ्या चक्रमपणाचं मूळ त्यांच्या वह्यांत होतं. ते टिपणं लिहायचे आणि लिहिलेलं वाटून टाकायचे. वाटायची रीतही त्यांचीच. जो वही नेईल त्यानं तिच्या दोन प्रती करायच्या, एक स्वतःला ठेवायची, दुसरी पुढच्याला द्यायची आणि मूळ वही परत धाडायची. शेवटच्या पानावर आपलं नाव आणि गाव लिहायचं. इचोडा पडला हमरस्त्यावर. साडभाऊ संध्याकाळी धाब्यावर जाऊन बसायचे आणि उटनूरकडे, आदिलाबादकडे निघालेल्या ट्रकवाल्यांच्या हाती वह्यांची पिशवी द्यायचे. "भैया, वहाँ के स्कूल में दे देना," एवढ्या पत्त्यावर वह्या पोचायच्या. माझ्या बायकोनं पत्ता घालून धाडलेले लाडू मात्र एकदा त्याच रस्त्यावर बेपत्ता झाले होते. मी त्यांना एकदा म्हणालो, "अहो, एवढी मेहनत करायची आणि अशी फुकट लुटवायची?" ते हसले. "मास्तर, हे इरजन हाय. शेजारनीले वाटीभर देल्लं म्हून आपलं दही कमी होते का?"

मला हे विरजण कधी जमलं नाही. माझी टिपणं सुंदर होती, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल अशी सोय मी ठेवली नव्हती. तीन रंगांची शाई, मोत्यासारखं अक्षर आणि एका लोखंडी ट्रंकेला पितळी कुलूप. वर्गात मी वही लांबून दाखवायचो आणि परत ठेवून द्यायचो. त्या कुलपालाही कारण साडभाऊच होते. निजामाचं राज्य गेलं तेव्हा आम्ही दोघंही उर्दूत शिकलेले आणि मराठीत शिकवायला लागलेले नवे मास्तर होतो. जजीरानुमा म्हणत वाढलेला माणूस फळ्यावर त्याच अर्थाचा 'द्वीपकल्प' लिहिताना घामाघूम व्हायचा. तेव्हा साडभाऊ माझ्याकडे आले आणि मराठी शब्दांची माझी वही चार दिवसांसाठी मागून घेऊन गेले. ती वही परत आली नाही. चारपाच वेळा मी विषय काढला, चारपाच वेळा त्यांनी "देतो ना मास्तर" म्हटलं. शेवटी मी कुलूप आणलं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके सरहद्दीपलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे, तेलुगू राज्यात राहिलो. शाळेत तेलुगू पुस्तकं आली. मराठी पुस्तकं येणार होती. परीक्षा मात्र पुस्तकांसाठी थांबणार नव्हती. माझ्या ट्रंकेतला सगळा भूगोल एका रात्रीत जुना झाला. जे राज्य मी तीन रंगांत रंगवलं होतं ते राज्यच उरलं नव्हतं. साडभावांनी काय करावं? इचोड्याच्या तेलुगू किराणेवाल्याच्या दुकानात ते जाऊन बसले. तो तुरीची डाळ मोजता मोजता तेलुगू पुस्तक मोठ्यानं वाचायचा, अर्थ मोडक्या हिंदीत सांगायचा आणि हे मराठीत उतरवून घ्यायचे. नवी सरहद्द कुठून जाते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तर हा माणूस सायकलवर गावोगावच्या पटवाऱ्यांना विचारत फिरला. "भाऊजीनं नव्या जिल्ह्याचा नकाशा काढला म्हने," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या रात्री ट्रंकेचं कुलूप मात्र मी दोनदा ओढून पाहिलं.

त्यातच आदिलाबादेहून हुकूम आला. पुस्तकं येईपर्यंत एका चांगल्या मास्तराची टिपणं सायक्लोस्टाइल करून जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी वर्गांना धाडायची, आणि ती निवडायला इन्स्पेक्टरसाहेब येणार. जुनी माणसं त्यांना अजून मोहतमीमसाहेब म्हणत. मला आयुष्यात कशाची हाव सुटली असेल तर ती तेव्हा. वरच्या कोपऱ्यात माझं नाव छापलेली टिपणं इचोड्याच्या शाळेत पोचावीत आणि साडभावांना त्यावरून शिकवावं लागावं, एवढंच माझं मागणं होतं. अर्ज मी पहिल्याच दिवशी दिला. साडभावांनी अर्जच केला नाही. "मले कुठं छापाचं हाय? वह्या त फिरूनच राह्यल्या," ते म्हणाले म्हणे. हेही मला अंगावर आल्यासारखं वाटलं.

पण नव्या जिल्ह्याचा नकाशा माझ्याकडे नव्हता. आणि बायको बहिणीकडून आली तेव्हा तिच्या पिशवीत साडभावांची मूळ वही होती, नव्या नकाशाची पानं मागाहून आत शिवलेली. तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "कुलुपात ठिवू का भाईर?" मी म्हणालो, मला दुसऱ्याच्या वहीची गरज नाही. दुपारी ती गिरणीवर गेली तसं मी दार लावून घेतलं. आठ दुपारी मी तो नकाशा गिरवत होतो. रॉकेल लावूनच, आणि अंगाला वास येऊ नये म्हणून नंतर साबणानं हात धुऊन. अखेरीस डोळे मिटूनही हात सरहद्द काढायला लागला. शेवटच्या पानावर नाव लिहायचं मी अर्थातच टाळलं. ते पान मी उघडलंच नाही.

इन्स्पेक्टरसाहेब आले, माझ्या वर्गात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मास्टरसाब, नया जिला बताइए." मी खडू घेतला आणि एका दमात जिल्हा काढला. वर पैनगंगा, खाली गोदावरी, मधे कडम. साहेब मान डोलवत होते. मग ते उठले, फळ्याजवळ आले आणि बोथच्या खाली एका बारीक निळ्या रेघेवर त्यांनी छडी टेकवली.

"ये कौनसी नदी है?"

मी तोंड उघडायच्या आत सबंध वर्ग एका सुरात ओरडला, "जांभूळनाला!"

जांभूळनाला हा आमच्या सासुरवाडीच्या शिवारातला हातभर रुंदीचा ओहोळ. आठ महिने त्यात शेळ्या चरतात. कुठल्याही सरकारी नकाशात तो नाही, असायचं कारणही नाही. पण साडभावांच्या लग्नाच्या दिवशी अवकाळी पाणी आलं, नाल्याला पूर आला आणि वरात दिवसभर अलीकडच्या काठावर बसून राहिली. "जो माह्या वरातीले आडवा आला त्याले नकाशात जागा पायजेच," असं म्हणून त्यांनी तो कायमचा नकाशात घातला होता. माझ्या लग्नात नाला कोरडाच होता. त्यानंही माझी दखल घेतली नव्हती. आणि आता माझ्या हातानं मी तो बोथच्या फळ्यावर काढला होता. वाईट म्हणजे माझ्या सगळ्या पोरांनाही तो पाठ होता. म्हणजे मी कुलूप लावून बसलो होतो आणि माझा वर्ग केव्हाचा इचोड्याच्या वह्यांवर शिकत होता.

"किसका है ये?" साहेबांनी विचारलं.

तो घोटाळा माझा आहे म्हणायची हिंमत मला झाली नाही. "माझ्या साडभावांचा," मी म्हणालो. गुन्हेगार दाखवून दिल्यासारखाच म्हणालो, हे लपवत नाही. साहेब मोठ्यानं हसले. गेले पंधरा दिवस ते ज्या शाळेत जात होते तिथे हाच नाला वाहत होता, उटनूरलासुद्धा. हा माणूस कोण ते त्यांना कळत नव्हतं. "अब सायक्लोस्टाइल की क्या जरूरत? ये तो हर जगह पहुँच गया," ते म्हणाले, नाला पुसायला सांगून निघून गेले, आणि माझी ट्रंक न उघडताच राहिली.

साडभावांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "तुमी नाला काढला? फळ्यावर? रंगात?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांच्या रागाची तयारी करून आलो होतो; शेवटी नाला किती बोटं लांब काढला तेच सांगत बसलो.

त्यांचं मूळ गाव किनवटकडचं. वर्षाअखेर त्यांनी तिकडे बदली मागून घेतली. निघताना त्यांनी ती मूळ वही माझ्या हातात दिली. घरी येऊन मी पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. एका पानाची सहा पानं झाली होती. खाली खाली चिकटवलेली. बोथ, इचोडा, उटनूर आणि मला ठाऊक नसलेली कितीतरी गावं. यादीच्या सगळ्यात वर, आठ वर्षांपूर्वीच्या फिक्या शाईत साडभावांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पहिली वही यांनी दिली: बोथचे मास्तर.' पुढे माझं पूर्ण नाव. त्या पानांच्या मागे माझी मराठी शब्दांची हरवलेली वही शिवून ठेवलेली होती, फाटून जुडी झालेली. एवढ्या गावांना माझंच नाव आधी वाचायला मिळालं होतं आणि ते न वाचलेला मी एकटाच होतो.

यादीच्या शेवटी मी माझं नाव घातलं. ट्रंक वर्गात नेऊन ठेवली, कुलूप घरी राहिलं. साडभाऊ किनवटकडे जाऊन आता तीन वर्षं झाली. बाजारात वांगी घेताना मी उगीच जरा जास्त वेळ उभा राहतो. कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवावा आणि विचारावं, तुमी इचोड्याच्या मास्तरायचे साडभाऊ का हो? हल्ली कुणी विचारत नाही.