नानांच्या गाडीतली केळी

गाडीचा जितका उपयोग आमच्या शेजारच्या नानांनी करून घेतला, तितका अख्ख्या जळगावात कोणी करून घेतला नसेल. फक्त ती चालवली नाही. पांढरी, नवी गाडी पुण्याच्या मुलानं घेऊन दिली होती, तीही अटीवर. नाना एकटे राहतात. गाडी आणि ड्रायव्हर हाताशी असेल तर राहा, नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला चला. नानांनी अट मान्य केली. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरला चहा पाजून दुसरीकडे कामाला लावून दिलं आणि सावद्याच्या शेतातून आलेले केळीचे घड मागच्या सीटवर गोणपाटाखाली रचले. काचा बंद केल्या की केळी कशी एकसारखी पिकतात, हे ते वैद्यानं नाडी सांगावी तसं सांगतात. उन्हाळ्यात आत केळी उकडून काळी पडतात, म्हणून तेव्हा गाडी अंगणात ढकलायची आणि बोनेटवर गल्लीतल्या बायकांनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालायचे. किल्ली फाटकाजवळच्या खिळ्याला. ज्याला हवी त्यानं दार उघडून केळ्यांची फणी न्यावी. मी नुसतीच फाटकाशी घुटमळायचे, तर नाना म्हणाले, "पिकलेलं केळं थांबत नाही पोरी. खाणाऱ्यानं लाजू नये."

मी तेव्हा रोज एस्टीनं धुळ्याला नोकरीला जायचे. स्टँडपर्यंत नाना बरोबर चालत यायचे. हातात कोणाचा दळणाचा डबा, खिशात कोणाच्या औषधाची चिठ्ठी. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे, मी अबोल, त्यांच्या दोन पावलं मागे. कोणी चौकशी केली तर नाना सांगायचे, "ही बोलत नाही, पण ऐकते. आपल्या गल्लीत दुसरं कोण ऐकतं?"

एका हिवाळ्यात मुलगा न कळवता आला. पारोळ्याला नात्यातलं लग्न होतं, नानांना घेऊन ह्याच गाडीनं जायचं त्याच्या मनात. मी फाटकाशी नानांची वाट पाहत होते. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. बॅटरी केव्हाच मेली होती.

"नाना, ही गाडी आहे की वखार?"

"गाडीले काय धाड भरली? सावलीत उभी हाये."

"पिशवी भरा. लग्नाहून थेट पुणे."

नानांनी खरंच दोन सदरे पिशवीत घातले. वर एक फणी ठेवली.

स्टँड पंधरा मिनिटांवर. आम्ही तिघं निघालो. दूधवाला म्हणाला, "नाना, पिशवी मोठी दिसू रायली."

"पुण्याले चाललो."

ही बातमी आमच्यापेक्षा भरभर चालली. गिरणीवाल्या मावशी दारात येऊन थांबल्या होत्या. "मंग माह्या गोळ्या कोन आनेल?" कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भाऊंनी हातातली इस्त्री बाजूला ठेवली आणि मुलालाच गाठलं. "नाना एक दिवस दिसले नाहीत तर आम्ही दार वाजवतो. तुमच्या मजल्यावर कोण वाजवतं?" आणखी चार घरं गेल्यावर मुलानं मागे वळून मला विचारलं, "रोज असंच असतं?"

"हो," मी म्हटलं. "म्हणून मी अर्धा तास लवकर निघते."

त्या दिवशी तरीही बस चुकली. पुढच्या बसमध्ये मुलानं पिशवीतली दोन केळी खाल्ली, खिडकीबाहेर बघत. पारोळ्याला उतरताना तो मला म्हणाला, "संध्याकाळी परतताना नानांना इथून बरोबर घ्याल?"

घेतलं. पिशवीत सदरे तसेच घडी केलेले होते.

जायचं ठरलं होतं नानांचं, शेवटी गेले मीच. आता धुळ्यात खोली घेतली आहे. इथे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढतात, आणि मला अजून त्यांचं नाव माहीत नाही. हिवाळ्यात कधी एस्टीचा कंडक्टर नानांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेली फणी हातात देतो. केळी गोड असतात आणि त्यांना अजून नव्या गाडीचा वास येतो. पण हल्ली फणी लहान असते, येतेही उशिरा. फोन केला की नाना म्हणतात, "गाडी म्हातारी झाली पोरी. पहिल्यासारखी पिकवत नाही."

मी काही बोलत नाही. ऐकते.