ऑस्करचे आठ दिवस

शुद्धलेखन बघू नका. अक्षर तर मुळीच बघू नका. चौथीपर्यंत शिकले, आणि नंतर सगळी वर्षं हात पाण्यात. पेन धरलं की बोटं सुटतात.

"सहा मासे खंय गेले गो? वाफ झाली?" परबशेठ गल्ल्यावरून ओरडले तेव्हा मी मागे टाकीच्या काचा घासत होते. घाटकोपर स्टेशनच्या बाजूला त्यांचं रंगीत माशांचं दुकान होतं. समोर रमणिकभाई उभे होते. इलेक्ट्रिक सामानाचं मोठं दुकान, घरी नवा रंगीत टीव्ही आणि टीव्हीपेक्षा मोठी माशांची टाकी. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"परबशेठ, कमजोर माल दिला तुम्ही," रमणिकभाई म्हणाले. "सहातला एक पण राहिला नाय. पाव्हण्यांसमोर अर्धी टाकी रिकामी."

"निवडले कोणी?"

"ह्या बाईने."

निवडले मीच होते, ते खरं.

रमणिकभाईंकडे आधीपासून एक ऑस्कर होता. ऑस्कर म्हणजे तळहाताएवढा जाड मासा, काळ्या अंगावर विस्तवासारखे पट्टे. माणूस ओळखतो. ओळखीचं कोणी आलं की काचेजवळ येऊन शेपूट हलवतो. पण त्याचं तोंड मोठं. तो चावत नाही, पाण्याबरोबर आत ओढतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिला नियम असा, की जो तोंडात मावतो तो जोडीदार नाही, जेवण आहे. दुसरा नियम असा, की एक वर फिरणारा, एक मधे, एक तळाला, म्हणजे जागेवरून भांडण नको.

रमणिकभाईंना चमकणारे आणि भरपूर हवे होते. मी तळासाठी एक मोठा सकर दिला. तो काचेला तोंड चिकटवून शेवाळ खातो, अंगावर चिलखतासारखं कवच, त्याला कोणी गिळत नाही. वर फिरणारं मोठं काही दुकानात नव्हतं. मधे फिरायला सहा सिल्व्हर शार्क दिले. नाव शार्क, पण जीव गरीब. चांदीसारखे, पळायला चपळ. मला वीतभर लांब हवे होते. कुर्ल्याच्या माणसाकडून त्या आठवड्यात बोटाएवढेच आले. मी शेठना म्हटलं, थांबूया.

"थांबूक गिऱ्हाईक माझो मामा लागता काय? ऑस्कर खाऊन-पिऊन सुस्त असा. दी."

ते खोटं नव्हतं. पोट भरलेला ऑस्कर सवयीच्या माशाच्या मागे लागत नाही. दीड महिना सगळे नीट राहिले. दर आठवड्याला मी पाणी बदलायला जायची, मोजून यायची. मधे गणपतीला गावी गेले. आले तर हे.

परबशेठनी रमणिकभाईंना पैसे परत दिले. ते गेल्यावर मला म्हणाले, "आता ते तुझ्या पगारातून. अर्धो ह्या महिन्यात, अर्धो पुढल्या."

मी परत काचा घासायला गेले. कोणी आवाज चढवला की मी कामाला लागते. अर्ध्या पगारात खोलीचं भाडं गेलं की तेलमीठसुद्धा होत नव्हतं. किराण्याला शेजारणीकडे हात पसरावा लागणार होता.

त्या आठवड्यात रमणिकभाईंकडे पाणी बदलायला गेले. ते दुकानात होते. घरात त्यांची आई, बा. मी कधी हॉलमधे बसायची नाही, काम झालं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चहा घ्यायची. ऑस्कर काचेशी आला नाही. कोपऱ्यात पडून होता, पोट टम्म.

"पोट बघ की गं ह्याचं!" बा म्हणाल्या. "आठ दिवस कशाला तोंड लावत नव्हता. खाखरा दिला, मूग दिले. तोंडात घ्यायचा न् थुंकायचा. नखरा!"

"कोळंबी?"

"आमचं पर्युषण होतं ना, उपासाचे आठ दिवस. एरवी रमणिक देतो, गॅलरीत डबा ठेवतो, मी तिकडे बघत नाही. पण पर्युषणात घरात कोळंबी? हिंसा! मी डबाच फेकून दिला. म्हटलं, राजाला पण उपवास घडू दे. पुण्य लागेल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"उपवास केला नाही त्याने, बा."

बांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग टाकीकडे. मग हळूच म्हणाल्या, "ते सहा?"

मी मान हलवली.

"हाय हाय! पर्युषणात? माझ्याच घरात?" त्यांनी कानाला हात लावले. "आणि रमणिक पैसे घेऊन आला? कोणी भरले?"

मी पदर चाचपत बसले. त्यांनी तीनदा विचारलं तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बा रिक्षाने दुकानात आल्या. मागे रमणिकभाई, मान खाली.

"परबभाई, पाप माझ्या घरातलं आणि दंड ह्या दीकरीला?" बा म्हणाल्या. "रमणिक, काढ."

रमणिकभाईंनी पैसे गल्ल्यावर ठेवले. परबशेठनी ते आत टाकले आणि हसून म्हणाले, "बा, मासे म्हणजे माणसासारखेच. उपाशी ठेवलास तर शेजाऱ्याक खातले."

"बस, बस. आता ऑस्करला जोडीदार दे. आणि पुढच्या पर्युषणात हा आठ दिवस तुमच्याकडे राहील. माहेरी."

ह्या वेळी मी घाई केली नाही. महिनाभर वाट बघून हातभर लांब जायंट गोरामी आणला. रुंद, शांत, ऑस्करच्या तोंडात मावणं शक्य नाही. आणि पालक, वाटाणे, भिजवलेली डाळ आवडीने खातो. बा खूश. "हा आमच्या जातीचा," म्हणाल्या.

तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक आलं, की टाकी किती मोठी हे विचारायच्या आधी मी घरात कोणकोणते उपास असतात ते विचारते. लोक हसतात.

पैशाचं मात्र राहिलंच. रमणिकभाईंनी भरले तरी परबशेठनी पगार कापलाच, आणि कापलेले मला थोडे थोडे परत देत. दिवाळीला थोडे, होळीला थोडे. "पळून जातंय काय मी?" म्हणत. मी मागितले नाहीत.

पुढच्या वर्षी पर्युषणाच्या आदल्या दिवशी बा झाकणाची बादली घेऊन आल्या. आत ऑस्कर. मी बादली घ्यायला हात पुढे केले. त्यांनी दिली नाही.

"आधी सांग, तुझे सगळे मिळाले?"

मी खाली बघितलं.

"परबभाई," बा बादली मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. "मी बसते."

बादलीत ऑस्करने शेपूट आपटलं, बांच्या लुगड्यावर पाणी उडालं. त्या हलल्या नाहीत. मग गल्ला उघडल्याचा आवाज झाला. उरलेले सगळे पैसे शेठनी माझ्या हातावर मोजून ठेवले. हात ओले होते, नोटा भिजल्या. मी त्या तशाच कमरेला खोचल्या आणि बादली घेतली.