तंबूत बांधलेली शेळी

दिवाळीत थोरल्या भावानं तंबू मागितला, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं.

मी हिमायतनगरकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एकटी राहते. तो हिरवा, दोन माणसांचा तंबू मी निव्वळ स्वतःच्या हौसेनं घेतलेली पहिली वस्तू. सुट्टी लागली की इस्लापूरच्या पुढं जंगलाच्या कडेला तो ठोकायचा आणि पहाटे आत पडून पाखरं ऐकायची. परत आल्यावर ओल्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून मगच घडी घालायची. हे सगळं मी भावाला समजावून सांगितलं.

"हाव, हाव," तो म्हणाला. "लेकरांना शेतात झोपायची हौस हाय. आठ दिसांत आणून देतो."

दोन महिने गेले. फोन केला की एकच उत्तर, "धुऊन वाळत घातलाय."

जानेवारीत मी लातूरला त्याच्या घरी गेले. वहिनीनं चहा पुढं ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "तंबू माझ्या भावाच्या शेतात हाय. त्यानं मागितला, ह्यांनी दिला."

मी चहाला हात लावला नाही. भावाला म्हटलं, "गाडी काढ."

शेतात लिंबाखाली माझा तंबू उभा होता. दाराची चेन कापून काढलेली. आत शेळी बांधलेली, तिच्या पोटाशी दोन पिल्लं, खाली लेंड्या आणि मुताचा चिखल. तंबूची एक काठी ज्वारीत बुजगावण्याला लावलेली.

वहिनीचा भाऊ हसत आला. "लई कामाला आला बघा ताई तुमचा तंबू!"

मी वाकून खुंट्या उपटायला लागले.

"अगं, पिल्लं थंडीनं मरतील की!" माझा भाऊ ओरडला.

"तो गोठा कशासाठी बांधलाय?" मी बोट दाखवलं. दहा पावलांवर पत्र्याचा गोठा होता, अर्धा रिकामा. मीच एकेक पिल्लू उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं, शेळी मागं आली. मग ज्वारीत शिरून बुजगावण्याची काठी काढून घेतली. बुजगावणं तोंडावर पडलं.

भावाच्या घरी परतल्यावर, तिथंच राहणाऱ्या आईनं मलाच झापलं. "कापडासाठी सोयऱ्यांत इज्जत घालवलीस. तुला लेकरंबाळं न्हाईत, म्हणून वस्तूला धरून बसतीस."

मी तंबूचं बोचकं बांधलं. तिला उत्तर दिलं असतं, तर पुन्हा त्या घरात पाय ठेवता आला नसता. नांदेडच्या एसटीत बोचकं मांडीवर घेऊन बसले. वासानं शेजारची बाई उठून मागं गेली.

तीनदा धुतला. वास गेला, डाग राहिले. नांदेडात बॅगा शिवणाऱ्यानं काळी चेन लावून दिली.

मार्चमध्ये भावाचा फोन आला. पुतण्याच्या शाळेचं शिबिर होतं. "तुझी ती झोपायची पिशवी दे की चार दिस."

"नाही."

"अगं, चारच दिस."

"दादा, नाही म्हणले."

पलीकडून आईचा आवाज आला, "राहू दे, तिला माणसं नकोच हायत." मी फोन ठेवला. अजून आठवलं की कानशिलं तापतात.