फर्ल म्हणजे गुंडाळून बांधणं

१५ ऑगस्ट, सूर्यास्ताची वेळ, सापगावची शाळा. हजर: मुख्याध्यापिका म्हणून मी, शिपाईकाका आणि दोन शिक्षिका. झेंडा उतरवताना दमट सुती कापडाचा वास आला आणि शेणव्यातला ताईच्या लग्नाचा मांडव आठवला.

मांडवपरतणीला ताई मुरबाडहून माहेरी आली, तेव्हा तो उतरवला. कापड अख्ख्या गावाचं. घडी घातली की घडीवरच विरतं, म्हणून बांबूवर गुंडाळून सुतळीनं बांधायचं. आम्ही दोघी दोन टोकांना होतो.

“याला फोल्ड नाय म्हनायचं गो, फर्ल,” ताई म्हणाली. “शीड, झेंडा, छत्री. गुंडालून बांधायचं, परत उघडायचं असतं म्हनून.”

ओट्यावरून आमचे काका हसले. “आता सासूला शिकव इंग्लिश! बारावी झाली, बास झालं की.”

“तिलापन शिकवीन, काका,” ती हसत म्हणाली आणि तिनं सुतळीची गाठ करकचून आवळली.

शहापूरच्या कॉलेजात शिकून तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं. मला तेव्हा फक्त नवा शब्द मिळाल्याचा आनंद झाला. सासरचे पुढं शिकवतील या भरवशावर ती हसत होती, हे आज कळतं. त्यांनी शिकवलं नाही. करोनात ताई गेली.

तिच्या मुलीची यंदा बारावी झाली. भावोजी तिच्यासाठी स्थळं बघतायत. मुरबाडला जाऊन त्यांच्याशी बोलायचं, हे काम अजून बाकी आहे.